शेवटचा हात कुणाचा?

मंडळी, दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेणारा एक तरी माणूस आपल्या घरात किंवा कचेरीत असतोच. भाजी सून करते, पण मीठ सासूच टाकते! शैलेश त्यातलाच. पाम गावात त्याचा डाय बनवायचा कारखाना. पोलादी ठोकळ्यावर नक्षी कोरायची. सोनार त्यावर पत्रा दाबून दागिने घडवतात. शैलेशचा हात देवाघरचा, पण सवय वाईट. कुणाचीही डाय पुरी होत आली की छिन्नी काढून घ्यायचा. "आण इकडे. शेवटचा हात मी मारतो."

त्या दिवशी त्याने मंदाताईंची छिन्नी घेतली, तशा त्या उठल्याच. सगळ्यांत जुन्या कारागीर, शैलेशनेच शिकवलेल्या.

"शेठ, शेवटचा हात तुमचा, तर पहिला पन तुमीच मारा! मला तारापूरच्या कारखान्यात बोलावनं हाय. हाती घेतलेली कोयरीची डाय झाली का मी निघाले."

बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मंदाताईंच्या मागोमाग तेही जाणार, हे शैलेशने ओळखलं.

संध्याकाळी दांडी गावच्या देवळात कीर्तन होतं. मृदंगावर शैलेशचे काका, तात्या. असं रंगलं की माणसं डोळे पुसत उठली. शैलेश तेवढा खांबाला टेकून बसून राहिला. तात्यांनी त्याला बाजूला घेऊन त्याच्या मनातलं सगळं काढून घेतलं आणि विचारलं,

"आज बुवांचा घसा पार बसलेला. कळला तुला?"

"नाही हो! उलट आजच..."

"कसा कळंल? बुवा ओळ सुरू करीत नि सोडून देत. मागचे टाळकरी उचलीत. सोडली म्हनून तर सगळा देऊळ गायला!"

"तात्या, सूर हलला तर देव रागवत नाही. डाय बिघडली तर गिऱ्हाईक जातं."

"मंदाला शिकवली कोनी?"

"मी."

"मंग इश्वास तुझ्याच शिकवन्यावर नाय! नि उद्या तुला ताप आला, तर कारखाना पन फनफनायचा काय?"

शैलेश हसला, आणि हसता हसता ओशाळला.

दुसऱ्या दिवशी कोयरी पुरी होत आली. एका पानाची शीर जाड राहिलेली त्याला लांबूनच दिसली. हात शिवशिवला. तो त्याने खिशात कोंबला.

"मंदाताई, तुमच्या मनासारखं झालं का?"

मंदाताई चमकल्या. असं शेठनी कधी विचारलंच नव्हतं! त्यांनी भिंग उचललं, डाय उजेडात फिरवली. "नाय. हा पान जड वाटतो." आणि ती शीर त्यांनी इतकी नाजूक उतरवली, की खुद्द शैलेशलाही जमली नसती!

कोयरीची डाय मागवलेला व्यापारी आला. पत्रा दाबून बराच वेळ बघत राहिला. "शेठ, हा हात तुमचा नाही."

शैलेश लगबगीने पुढे झाला.

"हा जास्त मोकळा आहे! लग्नसराईचे सगळे हार याच हाताचे हवेत."

"मग भाव माझ्याशी बोला, नक्षी मंदाताईंशी," शैलेश म्हणाला.

मंदाताईंनी पदर डोळ्यांना लावला. "अरे, तारापूरला फोन करा कोनीतरी. येत नाय म्हनावं!" कारखानाभर टाळ्या!

आज तिथे दुप्पट माणसं कामाला आहेत. शैलेश बाहेरगावी गेला तरी हातोड्या थांबत नाहीत. असला की प्रत्येकापाशी थांबतो, मनासारखं झालं का विचारतो, आणि उत्तर नीट ऐकतो.

मंडळी, धंदा मालकाच्या हुशारीवर उभा राहतो, पण टिकतो त्याच्या सवयींवर. आपला हात आवरणं ही त्यातली सगळ्यांत कठीण सवय. देवानेसुद्धा जग पुरं करून दिलं नाही. आपल्या हातांसाठी काम राखून ठेवलं. त्याचा आपल्यावर एवढा भरवसा, तर आपण आपल्या माणसांवर थोडा ठेवायला नको?