अडुसष्ट नंबर आणि जिन्यातली पाटी

पैज लागली तेव्हा मी दत्तात्रयकाकांच्या दाराला लटकत होते. त्यामुळे पहिल्या शब्दापासून सगळं माझ्या कानावर आहे.

"ऊर्जाने ह्या सीझनमध्ये एक पास जरी पकडला ना," काका चहाचा कप हातात धरून म्हणाले, "तर मी हेल्मेट घालून, ही पाटी गळ्यात अडकवून, वरच्या चर्चपासून खालच्या एस-बान स्टेशनपर्यंत अख्खी गल्ली झाडीन. शनिवारी. भर बारा वाजता."

"आणि नाही पकडला तर?" समोरच्या दारातून मीनलने विचारलं.

"तर वर्षभर माझ्या वाटणीचा जिना तू झाडायचास."

"लागली."

मी हादरले. एवढे शिकलेले लोक, त्यात एकाच्या गळ्यात लटकायचं मी, आणि मला विचारलं कोणी? कोणीच नाही.

तर मित्रांनो, मी कोण ते सांगते. साठ-बासष्ट वर्षांपूर्वी स्टुटगार्टच्या ह्या चढावरच्या गल्लीत एका सुताराने खिडकीची चौकट केली. त्यातून बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा एक तुकडा उरला. तो तुकडा म्हणजे मी. त्याने माझ्यावर तापलेल्या सळईने अक्षरं डागली, वर भोक पाडलं, दोरी ओवली. अक्षरं होती 'केरवोखे', म्हणजे झाडायचा आठवडा. मी ज्याच्या दाराला, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा, फुटपाथ झाडायचा, बर्फ पडला तर तोही ओढायचा. शनिवारी संध्याकाळी मला उचलून शेजारच्या दाराला टांगायचं की सुटला.

काय दिवस होते माझे. मला बघून भल्याभल्यांचे चेहरे उतरायचे. सुट्टीला निघालेली माणसं मला दारावर बघून बॅग खाली ठेवायची. मला पाहून आजवर कोणाला आनंद झालेला नाही, आणि खरं सांगू, मला त्याची फार मजा वाटते.

पुढे आजूबाजूच्या घरांनी सफाईच्या कंपन्या लावल्या. माझ्या बहिणी जुन्या लाकडाच्या कंटेनरमध्ये गेल्या. मी टिकले ती तळमजल्यावरच्या फ्राउ हेबर्ले ह्यांच्यामुळे. ऐंशी वर्षांच्या आजीबाई, अजून कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघतात. त्यांच्यापुढे कंपनीचं नाव काढायची कोणाची हिंमत नाही.

आता ह्या घरात चार दारं मराठी-जर्मन मिळून. दत्तात्रयकाका आणि सुलेखाकाकू, काका गाड्यांच्या गिअरचे इंजिनिअर. समोर मीनल, सॉफ्टवेअरवाली. तळाला हेबर्ले आजी. वरच्या मजल्यावर हेर प्फ्लाइडरर, रिटायर झालेले खेळाचे मास्तर. आणि त्यांच्याही डोक्यावर माळ्याच्या खोलीत इचलकरंजीची ऊर्जा, एका वर्षाच्या प्रोजेक्टवर आलेली. माळ्याच्या खोलीला केरवोखे लागू नाही, म्हणून ती मला बघून हसायची. हसणारी तेवढी एकच.

ही ऊर्जा फुटबॉल खेळायची. आपला पायाने मारायचा नव्हे. तो दुसरा, लांबट बॉलचा, हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जायचा. बायकांची हौशी टीम होती, नाव 'डाक्स', आणि कोच कोण, तर आपले प्फ्लाइडरर मास्तर. दत्तात्रयकाका टीमचे फुकटातले मदतनीस. फॉर्म भरायचे, जर्स्यांची पिशवी तळघरात सांभाळायची, आणि प्रत्येक मॅचनंतर कोणी किती पास पकडले ते एक्सेलमध्ये भरायचं.

दर शनिवारी जिन्यात वाद. काका मला उलटं करून माझ्या पाठीवर खडूने नावं लिहायचे.

"पळून बॉल पकडायला आपल्याकडे पाच रिसीव्हर आहेत. पाच. एवढी फौज असताना ऊर्जाकडे कशाला फेकायचा?"

"पाच कुठल्या?" मीनल माझ्या पाठीवर बोट घासायची. "ही बाळंतपणाच्या रजेवर. हिचा गुडघा गेला. ही सुट्टी काढून मायोर्काच्या बेटावर जाऊन बसलीय. उरल्या दोन. आणि ओळीच्या टोकाला टाइट एंड म्हणून धडधाकट पोरगी उभी आहे. टाइट एंडने ढकलायचं पण असतं आणि पळून पकडायचं पण असतं ना?"

"असतं. पण आकडे बघ. पाच मॅच, ऊर्जाचे पास शून्य. मास्तर काय वेडे आहेत का?"

"अहो, ती पोरगी कबड्डीत चढाईला जायची," सुलेखाकाकू आतून म्हणायच्या. "तिला भिंत करून उभी केलीय तुम्ही."

रविवारी संध्याकाळी पायऱ्यांवर बसून ऊर्जा आईला फोन लावायची, स्पीकरवर. क्लबवाले मॅच मोबाईलवर दाखवायचे आणि तिची आई इचलकरंजीत बसून सगळी बघायची.

"तुझ्याकडं बॉल का देत न्हाईत गं?" आई विचारायची. "नुसती ढकलाढकली करतीस. त्यासाठी एवढं लांब गेलीस व्हय?"

"देतील गं," ऊर्जा म्हणायची. मग फोन ठेवून तिथेच बसून राहायची. सप्टेंबरअखेर तिचं वर्ष संपत होतं. पुढचं काम लांब उत्तरेला, ब्राउनश्वाइगला. देणार कधी?

आठ मॅचचा सीझन. सात झाल्या. शून्यच. काका मला रोज टिचकी मारून म्हणायचे, "बघ, तू मीनलच्या दारालाच शोभतेस."

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, प्फ्लाइडरर मास्तर रिकाम्या बाटल्यांची पिशवी घेऊन खाली उतरत होते. मीनलने त्यांना जिन्यातच अडवलं. जर्मनमध्ये विचारलं, मी तुम्हाला मराठीत सांगते.

"मास्तर, उद्या शेवटची मॅच. ऊर्जाकडे एकदा तरी फेका की."

मास्तर बघतच राहिले. "तिच्याकडे कसा फेकणार? तिचा नंबर अडुसष्ट."

"मग?"

"पन्नास ते एकोणऐंशी नंबरवालीने पास पकडायचा नसतो. फाउल होतो. हा नंबर ढकलणाऱ्यांचा."

दत्तात्रयकाका चहा प्यायचे थांबले.

"मग तिला हा नंबर दिलात कशाला?" मीनल.

"मी? मी नाही दिला. तिने मागितला." मास्तरांनी मोबाईल काढून फॉर्मचा फोटोच दाखवला. "हे बघा. वुन्शनुमर. खेळाडूला हवा असलेला नंबर. अडुसष्ट. मला वाटलं, पोरीला पळायचं नाही, ढकलायलाच आवडतं. लेखी दिल्यावर मी कशाला विचारू?"

एवढ्यात ऊर्जा वरून उतरत होती. तिने ते ऐकलं आणि कठडा धरून उभी राहिली.

"मी नाही मागितला," ती म्हणाली. "मला वाटलं मास्तरांनीच दिला. नियम मला पहिल्याच आठवड्यात कळला. म्हटलं, माणूस सभ्य आहे, तोंडावर सांगवत नाही, नंबर देऊन सांगतोय की तू फक्त ढकल. मग मी काय विचारणार?"

"मग फॉर्म भरला कोणी?" मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला घाम येत नाही. पण त्या क्षणी आला असता. कारण सगळ्यांच्या माना एकाच दाराकडे वळल्या, आणि त्या दाराला मी होते.

"अगं, तेव्हा तुला जर्मन येत नव्हतं," काका म्हणाले. आवाज पार तळाला गेलेला. "तो रकाना रिकामा होता. तुझी जन्मतारीख तेवीस. दोन आणि तीन पाच. सहा आणि आठ चौदा, एक आणि चार पाच. म्हटलं, तुझा मूलांक पाच, नंबरची बेरीजही पाच. पोरीला लाभेल."

मास्तरांच्या पिशवीतल्या बाटल्या खळकन वाजल्या. मूलांक म्हणजे काय ते मीनलने त्यांना समजावलं. त्यांनी दोनदा समजावून घेतलं, आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा सारखाच पडला.

"काका," मीनल म्हणाली, "सीझनभर एक्सेलमध्ये जे शून्य भरत होतात ना, ते ऊर्जाचं नव्हतं. तुमचंच होतं."

काकांनी किल्ली घेतली आणि ते तळघरात गेले.

आता बघा. जर्स्यांची पिशवी त्यांच्याकडे. तळघरात दुसरं कोणी नाही. दुसऱ्या नंबरची जर्सी सापडत नाही म्हणाले असते तर पैज जिंकले असते, वर्षभराचा जिना वाचला असता आणि गल्लीसमोर शोभाही झाली नसती. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली.

"अहो," सुलेखाकाकूंनी वरून हाक मारली, "जर्सी आणायला गेलात की पैज जिंकायला?"

काका वर आले तेव्हा हातात गुडघा गेलेल्या मुलीची जर्सी होती. नंबर शहाऐंशी.

"हिला चालेल," ते ऊर्जाकडे न बघता म्हणाले. "ऐंशीच्या पुढचे नंबर पकडणाऱ्यांचे. आणि..." जरा घुटमळले. "बेरीज तीच आहे."

ऊर्जा हसली. मग सगळेच हसले. मास्तर सोडून. ते घाईघाईने उद्याची चाल काढायला बसले. कागद सापडेना, म्हणून माझीच पाठ घेतली, आणि खडू सापडेना म्हणून तळघरातल्या खोक्यांवर नावं टाकायचा काळा मार्कर. ओळीच्या टोकाला एक गोल, त्यातून निघालेला बाण, बाणाच्या शेवटी फुली. तो मार्कर पुसला न जाणारा आहे हे कोणाला सुचलंच नाही. साठ वर्षांत माझ्यावर असला अत्याचार झाला नव्हता.

रविवारी मी पहिल्यांदा घराबाहेर पडले. मास्तरांच्या काखेत, मैदानावर. इकडे दाराचा खिळा रिकामा बघून हेबर्ले आजींनी म्हणे पोलिसांना फोन करायचंच ठरवलं होतं.

तिसऱ्या डावात मास्तरांनी मला उचलून ती चाल दाखवली. पोरी ओळीत उभ्या राहिल्या. ऊर्जाने समोरचीला एक धक्का दिला, तिथून निसटली, वळली. बॉल अगदी हातात आला.

आणि सुटला.

माझ्याशेजारी काका उभे होते. पैज त्यांच्या बाजूने चालली होती, आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मग ज्या माणसाने सगळा उन्हाळा रिसीव्हर रिसीव्हर केलं तो मास्तरांच्या मागे लागला. "परत तिच्याकडे द्या. टाइट एंडला द्या. नऊशे नव्व्याण्णव वेळा ढकललंय तिने, एकदा सुटणारच ना."

शेवटची चार मिनिटं. दोनातल्या एका रिसीव्हरच्या पायात गोळा आला. फौज संपली. मास्तरांनी काकांकडे बघितलं, मग मला पुन्हा वर धरलं.

ह्या वेळी बॉल जरा उंच होता. ऊर्जाने उडी मारली, तो पोटाशी घेतला, दोघींना अंगावर ओढत ती सहा यार्ड गेली आणि पडली. बॉल पोटाशीच.

काका आरोळी ठोकून थेट मैदानात धावले. अंपायरने पिवळा रुमाल टाकला. बाहेरचा माणूस आत आला म्हणून टीमला दंड, पंधरा यार्ड मागे. ऊर्जाने सहा मिळवले, काकांनी पंधरा घालवले. मॅचही हरलो. कोणाला त्याचं काही वाटलं नाही, फक्त मास्तर मला घट्ट धरून ओठ चावत उभे होते.

संध्याकाळी पायऱ्यांवर फोन लागला.

"एवढंच व्हय?" आई म्हणाली. आणि मग, "परत एकदा दाखव गं."

आता पैशाची नव्हे, शब्दाची वसुली. पुढच्या शनिवारी बारा वाजता चर्चची घंटा झाली आणि दत्तात्रयकाका गल्लीच्या टोकाला हजर. डोक्यात हेल्मेट, खांद्यावर पॅड, खाली घरातली चप्पल, गळ्यात मी, हातात खराटा. खिडक्याखिडक्यांतून लोक. मीनल व्हिडिओ काढत होती. मास्तरांनी शिट्टी फुंकली.

"काका, कोपरे घ्या," मीनल. "एक्सेल नाहीये हे."

"घेतोय गं."

ऊर्जाची गाडी त्याच दुपारची. ती बॅग घेऊन त्यांच्या बाजूने चालत होती. ती एक पाऊल, काका एक फटकारा, असं खाली स्टेशनपर्यंत. मधे तिने खराटा मागितला. काका म्हणाले, "हट, माझी पैज आहे."

स्टेशनच्या तोंडाशी हेबर्ले आजी येऊन उभ्या राहिल्या. फुटपाथ बघितला, मग मला उलटं केलं. माझी पाठ बघून त्यांचा श्वासच अडकला. एप्रनच्या खिशातून स्पिरिटचा बोळा निघाला.

"नाइन, नाही, फ्राउ हेबर्ले," काका म्हणाले आणि मला छातीशी धरलं.

आजींनी चष्मा सरकवला. गोल बघितला, बाण बघितला. "ह्यात ही मुलगी कोणती?"

काकांनी ओळीच्या टोकाच्या गोलावर बोट ठेवलं. आजींनी ऊर्जाकडे बघितलं, मग बोळा खिशात परत ठेवला.

"डावीकडचा कोपरा राहिलाय," त्या म्हणाल्या.

काका झाडायला वाकले. मी त्यांच्या गळ्यात झुलत राहिले, तोंड जगाकडे, पाठ त्यांच्या छातीला.

मित्रांनो, तुमच्या वाडीवस्तीत, सोसायटीत माझ्यासारखी एखादी जुनी पाटी असेल. तिला घासा, ऊन दाखवा, दोरी बदला. पण पाठीवरचं काही पुसायच्या आधी ते कोणाचं आहे ते विचारा. आणि माणसाच्या पाठीवर नंबर घालायच्या आधी तर नक्कीच विचारा. आमच्या गल्लीत ते न विचारल्यामुळे एका पोरीचा सगळा उन्हाळा गेला, आणि एका काकांना चपला घालून दीड किलोमीटर झाडावं लागलं.