पिशवीतला पंखा

मित्रांनो, छताचा पंखा तुम्हाला रोज दिसतो, म्हणून त्याचं कौतुक होतं. मी तळहाताएवढा. कॉम्प्युटरच्या डब्यात पडद्यावरची चित्रं तयार करणारं एक कार्ड असतं. त्याला वारा घालणारा मी एक जुना पंखा आहे. मला खिडकी नाही, सुट्टी नाही. कार्ड तापलं की पडदा काळा होतो आणि शिव्या खातो बिचारा मॉनिटर!

रावेरला हीरालालभाऊंच्या घरी मी सात वर्षांपूर्वी आलो. केळीच्या घडांना घालतात त्या पिशव्यांचं त्यांचं दुकान, घरालाच लागून. त्यांची मुलगी हर्षिता कॉम्प्युटरवर कार्टून करायची. तिचं वटवाघूळ पडद्यावर उडू लागलं की मीही जोरात फिरायचो. "पंखा गुरगुरतोय, म्हणजे काम जमतंय," असं ती म्हणायची. मला एवढं पुरायचं.

यंदा तिला पुण्याच्या एका कॉलेजात जायचं होतं. त्यासाठी तीन मिनिटांची फिल्म शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाठवायची होती. नाही जमलं, तर दुकानात बसायचं असं ठरलेलं. तिची आई सुगनबाई तर म्हणायच्याच, "बाहेरगावी कशाला? घरात काय कमी आहे?"

त्यात मे महिना. धूळ नको म्हणून सुगनबाईंनी घडाची एक पांढरी पिशवी डब्यावर चढवली, बटणापुरतं भोक ठेवलं आणि पाल शिरू नये म्हणून खाली दोरीने घट्ट गाठ मारली. या घरात फ्रिजपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांनाच पिशव्या, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. माझा मात्र आत जीव घुसमटला. तीच गरम हवा मी पुन्हा पुन्हा कार्डावर मारत होतो. ओरडलो तरी ऐकणार कोण? वटवाघळावर हिरवे पट्टे आले आणि मग पडदा काळा झाला.

दुरुस्तीवाला अखिल आला. त्याने वायर बदलली, दुसरा मॉनिटर लावून पाहिला. शेवटी पिशवी काढून डबा उघडला, आणि वारा लागताच चित्र झकास! तो गेला, सुगनबाईंनी पुन्हा गाठ मारली, पुन्हा काळोख. दोनदा असंच झालं. शुक्रवारी तो वैतागून म्हणाला, "कार्ड म्हातारं झालंय. नवीन यायला आठ दिवस लागतील." मला फार वाईट वाटलं. आम्ही दोघं म्हातारे झालो होतो, पण मेलो नव्हतो.

शनिवारी दुपारी हर्षिता काळ्या पडद्यासमोर रडत बसली होती. केळीच्या बागेत घडांना पिशव्या बांधणारी रुपली नवीन पिशव्या न्यायला आली. डब्याकडे पाहून ती हसलीच.

"अक्का, हे काय केलं? घडाले पिशवी घातली तं खालून मोकळी ठेवा लागते. गाठ मारली तं घड अंदरच उबून जातो!"

हर्षिताने डब्याला हात लावला. चटका बसला. तिने दाताने दोरी तोडली, डब्याची बाजू उघडली, रंगाच्या ब्रशने माझी पाती झाडली आणि समोर टेबलफॅन लावला. अर्ध्या तासाने वटवाघूळ उडालं. पाचला दहा मिनिटं असताना फिल्म कॉलेजला रवाना झाली. सुगनबाई ती तुटकी दोरी हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या.

हर्षिता आता पुण्यात शिकते. मी याच डब्यात आहे. मला सुटका नाही, आणि त्याचं दुःख होतं, खोटं कशाला बोलू? पण सुगनबाई रोज आधी पिशवी काढतात, जाळी पुसतात आणि मगच मुलीशी बोलायला बसतात. पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ दिसावा म्हणून मी जीव तोडून फिरतो. मित्रांनो, आम्हाला धुळीपासून जरूर जपा, पण श्वास घ्यायला वाट ठेवा.

परवा हर्षिताने विचारलं, "मम्मी, घरी कधी येऊ?"

सुगनबाई डोळे पुसत म्हणाल्या, "तुझं काम झालं की ये."