सोमवारी बंद पडणारी गाडी

व्यंकटरावांची जुनी पांढरी गाडी फक्त सोमवारी बंद पडायची. बाकीचे सहा दिवस ती भाजीला जायची, बँकेत जायची. एकदा तर व्यंकटराव एकटेच तिच्यातून अजिंठ्यापर्यंत जाऊन आले, तेव्हाही तिनं हूं की चूं केलं नाही. पण सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला निघालं आणि दौलताबाद ओलांडून घाट लागला, की इंजिन दोनतीन आचके द्यायचं आणि गप्प व्हायचं. सगळ्यांनी उतरून रस्त्याच्या कडेला पंधरावीस मिनिटं उभं राहायचं, पुन्हा किल्ली फिरवायची. गाडी चालू! जणू काही झालंच नव्हतं.

"बन्सी, तीन मेकॅनिक झाले," मोंढा नाक्याजवळच्या टपरीवजा दुकानात स्टुलावर बसून व्यंकटराव सांगत होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, त्यामुळं तक्रारही पायऱ्यापायऱ्यांनी मांडायचे. "पहिल्यानं पेट्रोलचा फिल्टर बदलला. दुसऱ्यानं रिले बदलला. तिसऱ्यानं टाकीतला पंपच नवा बसवला. आठ सोमवार झाले. उत्तर काही येत नाही."

बन्सी गाड्यांचं वायरिंग करणारा. पंचवीस वर्षं याच कामात केस पिकवलेले. गाडी कितीही हट्टी असो, बन्सीच्या हाताखाली कबूल होते असं लोक म्हणत. त्यानं पंपाचा करंट मोजला, अर्थिंगचं टोक घासून बघितलं, रिले ठोकून बघितला, वायरी हलवून बघितल्या. सगळं ठीक. मग त्यानं पंपाच्या वायरीला एक छोटा बल्ब जोडला आणि लांब वायर ओढून तो स्टिअरिंगसमोर चिकटवला.

"हा पेटलेला असंल तंवर पंपाला करंट हाय," तो म्हणाला. "गाडी बंद पडताना बल्ब गेला तर वायरिंगची खोट. राहिला तर पंपाची. आता ती खोटं बोलू शकत नाय."

दोन दिवस बन्सीनं एकट्यानं घाट चढून-उतरून पाहिला. बल्ब डोळा न लवता पेटलेला. तिसऱ्या दिवशी त्यानं व्यंकटरावांना विचारलं, "काका, सोमवारी येगळं काय असतं?"

व्यंकटराव चष्मा पुसत बसले.

"सोमवारी ही बरोबर असते," ते म्हणाले. "गुडघा वाकत नाही तिचा. मागच्या सीटवर पाय लांब करून बसते." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. तिनं आता बाहेर पडणंच सोडलंय. माझी बहीण बोलून गेली, की देव तुला दारात येऊ देईना वहिनी. ते तिनं मनाला लावून घेतलंय. मी बसले की गाडी मरते, म्हणते. आणि दर वेळी म्हणते, काहीतरी जळतंय. मला तर कसलाच वास येत नाही. मला गाडीपेक्षा तिची काळजी वाटायला लागलीय."

गाडी माणूस ओळखते, हे बन्सीनं आजवर ऐकलं नव्हतं.

"सोमवारी काकूंना घिऊन या," तो म्हणाला. "मी चालवतो."

यमुनाबाई आल्या, पण गाडीत बसेनात. हातात अभिषेकाच्या दुधाचा तांब्या, चेहरा कुणाच्या तरी मातीला निघाल्यासारखा. "माझ्यामुळं तुमचा खोळंबा कशाला रे बाबा," म्हणाल्या. शेवटी नवऱ्यानं हात धरून बसवलं. त्या एका कडेला टेकल्या आणि आखडलेला पाय सीटवर लांब केला. सगळा भार बन्सीच्या पाठीमागच्या कोपऱ्यात आला. व्यंकटराव पुढं बसले, बल्बावर नजर लावून, परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तसे.

दौलताबादचा किल्ला मागं पडला. पेरूवाल्यांच्या टोपल्या मागं पडल्या. घाट सुरू झाला आणि गाडीनं नाक वर केलं. दुसऱ्या वळणावर यमुनाबाई अगदी हळू म्हणाल्या, "वास आला."

बन्सीनं श्वास ओढला. या खेपेला त्यालाही आला. रबर तापल्याचा, कडवट.

बल्ब लाल झाला, मंदावला आणि गेला. इंजिननं आचका दिला.

"गेला! बल्ब गेला!" व्यंकटराव जवळजवळ आनंदानं ओरडले. "म्हणजे वायरिंग!"

बन्सी मात्र आरशात बघत होता. यमुनाबाईंच्या कमरेपासून धुराची बारीक रेघ वर चढत होती. त्यांना पत्ताच नव्हता. त्या डोळे मिटून नामस्मरण करत होत्या.

"काकू, उतरा! आदी उतरा!"

हँडब्रेक ओढून तो धावला, दार उघडलं. गुडघा वाकेना, पाऊल दारात अडकलं. बन्सीनं काखेत हात घालून त्यांना सरळ बाहेर ओढलं. लुगड्याचा काठ टरकन फाटला. त्यांना कठड्यावर टेकवून तो बोनेटकडं पळाला, खिशातल्या पान्यानं बॅटरीची वायर सोडवली आणि मागची सीट उपटून रस्त्यावर फेकली.

सीटच्या पोटात तळहाताएवढा काळा खड्डा पडला होता. कडा अजून लाल. व्यंकटरावांनी दुसरं काही न सुचून दुधाचा तांब्याच त्यावर उपडा केला. फस्सकन वाफ आली.

सीटची एक स्प्रिंग तुटून तिचं टोक खाली वळलं होतं. तिच्याखालून पंपाची वायर जात होती. कुणी त्या कोपऱ्यात टेकलं आणि चढावर भार मागं आला, की टोक वायरीत रुतायचं आणि करंट पंपाला जायच्या आधीच गाडीच्या पत्र्यात पळायचा. माणूस उतरला की स्प्रिंग वर, गाडी चालू. वायरीचं सालपट जळून गेलं होतं. तिथून चार बोटांवर टाकीतल्या पंपाचं गोल झाकण, आणि झाकणाभोवती पेट्रोलची ओल. नवा पंप बसवणाऱ्यानं रबराची जुनीच रिंग वापरली होती.

चार बोटं. एक ठिणगी तेवढी पुरली असती.

व्यंकटराव वाकून बघत होते. गणिताच्या माणसाला एक पायरी राहिल्यासारखी वाटली. "पण बन्सी, वायर अशी पत्र्याला लागली तर फ्यूज उडायला हवा ना? पहिल्याच सोमवारी. तो का नाही उडाला?"

पंप चालतोय म्हणजे फ्यूज शाबूत, असं धरून इतके दिवस न उघडलेलं स्टिअरिंगखालचं झाकण बन्सीनं काढलं. पंपाच्या खाचेत फ्यूज नव्हताच. तांब्याच्या तारेचे तीन पदर पिळून, टोकं आत दुमडून खोचलेले होते. तो पीळ त्यानं ओळखला. आपली सही ओळखायला माणसाला किती वेळ लागतो?

चार वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. दुकानापुढं गाड्यांची रांग, सगळ्यांना पूजेच्या आत गाडी हवी. या गाडीच्या पंपाचा फ्यूज सारखा उडत होता. का उडतो ते बघायला सवड नव्हती. त्यानं तार पिळून घातली आणि म्हणाला, "काका, दसरा झाला की चक्कर मारा, बघून देतो." काका विसरले. तोही विसरला. त्याचे उस्ताद म्हणायचे, फ्यूज घर का चौकीदार है बेटा, वो मरता है तो घर बचता है. चौकीदाराच्या जागी त्यानं मुडदा उभा केला होता.

तार मुठीत दाबली असती तर कुणाला कळलं नसतं. व्यंकटराव सीटकडं बघत होते. एक ट्रक घरघरत वर गेला. त्याची धूळ खाली बसेपर्यंत बन्सी तसाच ओणवा राहिला. मग बाहेर आला आणि तार तळहातावर धरून त्यांच्यापुढं केली.

"ही मीच टाकलेली, काका."

व्यंकटरावांनी तारेकडं पाहिलं, जळक्या सीटकडं पाहिलं, कठड्यावरच्या बायकोकडं पाहिलं. "आठ सोमवार," एवढंच म्हणाले.

यमुनाबाईंनी ऐकलं होतं. "म्हणजे देव अडवत नव्हता मला?"

"नाय काकू. देव नाय. मीच."

त्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. रडतायत की हसतायत ते बन्सीला कळेना. मग डोळे पुसून नवऱ्याला म्हणाल्या, "एखादी काळीपिवळी थांबवा बघू. दर्शन राहिलंय." जीप थांबली. व्यंकटरावांनी त्यांना आधार देऊन चढवलं आणि बन्सीकडं न बघता स्वतः चढले.

गाडी ओढून न्यायला माणूस येईपर्यंत बन्सी कठड्यावर बसला, आणि तिथं त्याला आठवलं. दसऱ्याच्या त्या गर्दीत फ्यूज संपले होते. तार त्यानं तीन गाड्यांत घातली होती.

दुसरी सांडूची व्हॅन. शहागंजात सांडूचं बांगड्यांचं दुकान होतं. दुपारी बन्सी तिथं धडकला.

"व्हॅन? ती कवाच इकली," सांडू म्हणाला. "रामकिसननं घेतली. हर्सूलच्या शाळेची पोरं नेतो."

शाळा सुटायला आणि बन्सी पोचायला एकच गाठ पडली. व्हॅन फाटकापाशी उभी होती, पोरं दप्तरांसकट एकमेकांवर चढून बसलेली. रामकिसन किल्ली फिरवणार, तोच बन्सीनं त्याचा हात धरला. "पाच मिंटं थांब. फ्यूज बघू दे."

"चालू गाडीचं काय बघायचं?" रामकिसन कुरकुरला, पण सरकला.

तार होती. तीन पदरी, तापून तापून निळी पडलेली. बन्सीनं ती उपसली आणि तिथं नवा फ्यूज बसवला.

"फिरव किल्ली."

टक्. फ्यूज उडाला. त्यानं दुसरा घातला. टक्.

पोरांच्या पायांखाली कुठंतरी, पत्र्याच्या आत, तेच चाललं होतं. बन्सीनं किल्ली काढून खिशात घातली. "पोरं उतरव."

"येड लागलं का रं तुला? घरी सोडायचीत त्यान्ला!"

सरकतं दार उघडून बन्सी एकेका पोराला बखोटीला धरून खाली घेऊ लागला. पोरं खिदळत होती, रामकिसन शिव्या देत होता, फाटकापाशी आया जमल्या होत्या. बन्सीच्या कानात काहीच शिरत नव्हतं. तो तिसरी गाडी आठवत होता. कुणाची होती, कुठली होती, काही केल्या आठवेना. तिचा रंगसुद्धा आठवेना.