काळुरामच्या घरातली सपाट रेघ

विकीने बायकोचा, दर्शनाचा, हात पिरगाळून मोडला, तिने पोलिसांत तक्रार दिली, आणि आता स्वारी बहिणीकडे मेंदूचा आलेख काढायला आली होती. मेंदूत खोट निघाली तर सुटशील, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. जया कल्याणच्या एका दवाखान्यात तेच काम करायची. टेपने डोकं मापायचं, पेन्सिलीने खुणा करायच्या, चिकट लेप लावून तारा बसवायच्या. भावाच्या डोक्याला हात लावताना तिला किळस येत होती.

“डोळे मीट.”

डोळे मिटले की बहुतेकांच्या मेंदूत सेकंदाला दहाएक लाटा उठतात, चांगल्या उंच. विकीच्या उठल्याच नाहीत. पडद्यावर जवळजवळ सपाट रेघ. जयाला नवल वाटलं नाही. मागे बाप, काळुराम, शहाडला चक्कर येऊन पडला होता, तेव्हा त्याचीही अशीच आली होती. हा आजार नव्हे, डॉक्टर म्हणाले होते, नाकाडोळ्यासारखी ही ठेवणही आईबापाकडून येते.

विकी मात्र खूश. “बघ गो, बाबासारखीच! आपला रगतच तसा हाय. बाबा आयशीला मारायचा, मी दर्शनाला मारला. माजा काय दोष? दे लिहून.”

जयाने दुसरी फाईल उघडली. त्यातही तीच रेघ.

“बाबाची ना?”

“माझी. शिकताना स्वतःवरच काढलेली. मी कुणाचा हात मोडला रे?”

तारा ओरबाडून तो उठला. केस धरून त्याने तिचं डोकं भिंतीवर आपटलं, एकदा, दोनदा. “लिही! नायतर तुजा पन मोडीन!” तिचा ओठ फाटला, तोंड रक्ताने भरलं. चाचपडत्या हाताला स्टीलचा ट्रे लागला आणि तिने तो त्याच्या कानशिलात हाणला. विकी धाडकन पडला. कानातून रक्त आलं. जयाला बरं वाटलं, फार बरं वाटलं. तिने ट्रे पुन्हा उचलला.

तो तोंड झाकून रडत होता. आई अशीच झाकायची. जयाला त्याचा जबडा फोडायचा होता आणि अडवायला खोलीत कुणी नव्हतं. हात वरच राहिला. मग तिने तो खाली घेतला, आणि तिला रडू फुटलं ते संतापाने. थांबता येत होतं. बापालाही येत होतं, यालाही, दरवेळी.

तिनेच फोन केला, पोलीस आले. हवालदाराने तिच्याकडे दयेने बघत लिहायला घेतलं, “भावाने मारहाण केल्याने भान सुटून...”

“ते खोडा,” जया फाटक्या ओठाने म्हणाली. “भान सुटलं नव्हतं. माझं नाही, आणि दर्शनाचा हात मोडताना याचंही नाही. दोन्ही लिहा.”