कोरीटच्या फाट्यावरचे पार्सल

मित्रांनो, मी पार्सले वाहणारी एक जुनी काळी बॅग आहे. माझी चेन दोनदा बदलली आहे. एक पट्टा तर सुतळीनेच बांधला आहे. सुरतच्या कारखान्यात मी शिवली गेले आणि नंदुरबारला येऊन कहकशाँच्या पाठीवर चढले.

नवरा वारला तेव्हा कहकशाँची मुलगी रिम्शा पहिलीत होती. कहकशाँ स्कूटीवरून पार्सले पोहोचवू लागली. काम मोबाइलवर यायचे. तिच्या चुकीने पार्सल परत गेले, की दुसऱ्या दिवशी काम मिळत नसे. "ताई, तुम्ही अगदी वेळेवर येता," असे लोक म्हणत, तेव्हा मलाही अभिमान वाटे.

मार्चमधल्या एका दुपारी माझ्यात एकच पार्सल उरले होते. कोरीट गावच्या सुपडूबाबांनी भिकुबाईंसाठी, आपल्या बायकोसाठी, गुडघ्याचा पट्टा मागवला होता. इतक्यात शाळेतून फोन आला, "रिम्शाला ताप आहे, लगेच या." कहकशाँने स्कूटी वळवली आणि मोबाइलवर 'ग्राहक घरी नाही' हे बटण दाबून टाकले. पार्सल माझ्या पोटात होते. तो खोटेपणा मला टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी रिम्शाला सांभाळायला घरी कोणी नव्हते. तिला स्कूटीवर पुढे उभी करून कहकशाँ कोरीटला गेली.

"बाबा, काल मी येल व्हतू. तुमनं घर बंद व्हतं," ती खाली बघत म्हणाली.

"बंद?" सुपडूबाबा म्हणाले. "म्हातारी त खाटवरच पडेल शे. मी सांजलोंग फाटावर तुन्ही वाट दखी ऱ्हायंतू."

रिम्शा पटकन बोलली, "अम्मी, कल तो तुम मेरे पास थी ना?"

कहकशाँने मला छातीशी घट्ट धरले. मग पार्सल काढून बाबांच्या हाती दिले. "खोटं बोलनू, बाबा. पोरले ताप व्हता."

"फोन त करती," सुपडूबाबा तुटकपणे म्हणाले. मग त्यांनी रिम्शाच्या कपाळाला हात लावला. "आते घर लई जाय तिले. ऊन शे."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तरी परवडले असते. परतताना कहकशाँ फाट्यावर थांबून रडली. त्या दिवशीची लाज मला अजून वाटते.

पावसाळ्यात शाळेतून पुन्हा तसाच फोन आला. या वेळी कहकशाँने ग्राहकाला फोन केला आणि मोबाइलवर 'मी पोहोचू शकले नाही' असे खरे कळवले. दोन दिवस तिला काम मिळाले नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी बॅग घेऊन कोणी तुमच्या दारी उशिरा आले, तर रागावण्याआधी पाणी विचारा. घरी सगळे बरे आहेत ना, हेही विचारा. काम देणारा मोबाइल ते कधीच विचारत नाही.