चौदा पॉइंट दोन

मीटरच्या लाल वायरीचं टोक बॅटरीच्या बोल्टवरून दोनदा घसरलं, तिसऱ्यांदा टेकलं — आणि अमृतने मनातल्या मनात हात जोडले, चढू नकोस रे बाबा, बारा व्होल्टवरच थांब...

मेकॅनिकने असं मागावं? गिऱ्हाईकाच्या गाडीचं चार्जिंग नीट निघालं की त्याला हायसं वाटायचं. पण ही बायकोची गाडी होती. शेफाली हिर्डोशीहून रोज भोरला, लॅबमध्ये कामाला जायची, आणि महिनाभर झाला, संध्याकाळी परतायच्या वेळी गाडी चालूच होत नव्हती. किक नसलेली गाडी. बाजारातली माणसं धक्का मारायची आणि ही शरमेने अर्धी व्हायची. बॅटरी नवी टाकली, तीही उतरली. काल जेवताना ती म्हणाली होती, "आणखी एकदा बंद पडली, तर मी भोरला खोली घेईन." रागाने म्हणाली असती तर परवडलं असतं, ती अगदी शांतपणे म्हणाली होती. चार्जिंगमध्येच दोष निघाला, तर तो आज दुरुस्त करून मोकळा होणार होता.

"रेस कर," तो शेफालीला म्हणाला.

आकडे चढले. तेरा... साडेतेरा... चौदा पॉइंट दोन. चार्जिंग फर्स्ट क्लास! चावी बंद करून पाहिलं, कुठे करंट गळतही नव्हता. मग बॅटरी उतरते कशी? लॅबच्या दारात ही मुद्दाम चावी चालू ठेवून जात असेल... छे, डोकं फिरलंय माझं! — पण शेफाली हेल्मेटची काच पुसत होती, पुसलेलीच पुन्हा पुसत होती.

"भोरला पोचल्यावर चावी काढतीस ना?"

"काढते की."

"मग वाटंत काय करतीस?" आवाज चढलाच त्याचा.

"काय करायचं? उतार लागला की इंजिन बंद करते. मामंजींनीच सांगितलंय, उतारावर पेट्रोल कशाला जाळायचं म्हणून."

"आन् धुक्याचे दिवे?"

"ते चालूच. न्हाईतर एसटीवाल्याला मी दिसायची कशी?"

हात्तिच्या! अमृत मोठ्याने हसला. त्याच्या वडिलांची, सावळारामांची जुनी गाडी किकवर निघायची, तिला असलं सगळं खपायचं. हिच्या गाडीला ते दोन दिवे त्यानेच बसवलेले, आणि इंजिन बंद असलं की त्यांचा सगळा भार बॅटरीवर. उतार संपता संपता गिअर टाकला की गाडी आपोआप चालू व्हायची, म्हणून तिला पत्ताच नाही. आणि आपण मेलं काय काय मनात आणलं!

"इंजिन चालू ठिवून उतरायचं, बास. आता खोली न्हाई न् बिली न्हाई."

शेफाली हसली नाही.

"म्हणजे रोज जायचं-यायचंच," ती म्हणाली, आणि हेल्मेट सीटवर ठेवून आत गेली.

अमृत तसाच उकिडवा बसून राहिला. हाक मारून विचारावं — तुला खोली हवीच होती का गं? पण 'व्हय' म्हणाली तर? जीभ रेटेना. उद्या सकाळी ती निघेल, आणि पहिल्या उतारापर्यंत मी इथे श्वास रोखून उभा राहीन, इंजिनाचा आवाज ऐकत... तो बंद पडला, तर ते पेट्रोल वाचवायला नसेल, बॅटरी उतरवायला असेल. आणि नाही पडला, तरी परवा पुन्हा ऐकावं लागेल, तेरवाही.