पत्रिकेतून गेलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला माझी लाज वाटते. म्हातारपणाची नव्हे, ते कोणालाच चुकत नाही. मला लाज वाटते ती या एप्रिलमधल्या एका दुपारची. पण ती दुपार कळायची तर आधी माझी थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

माझा जन्म जळगावचा. मोठ्या कारखान्यातून खोक्यात बंद होऊन आलेल्यांपैकी मी नाही. जळगावच्या एका लहान दुकानात, काउंटरच्या मागे बसून एका माणसाने माझे भाग एकेक करून जोडले. डबा एका कंपनीचा, पंखा दुसऱ्या, तर डिस्क तिसऱ्याच कंपनीची. नूतनताई मला न्यायला थेट साक्रीहून आल्या होत्या. धुळ्याला बस बदलताना त्यांनी मला हमालाच्या हाती दिलं नाही. माझा पडदा साक्रीपर्यंत त्यांच्या मांडीवर होता आणि मी त्यांच्या पायांशी. बसला खड्डा लागला की त्या खाली वाकून माझ्यावर हात ठेवत. ही गोष्ट तेरा वर्षांपूर्वीची.

साक्रीत बाजारपेठेच्या तोंडाशी त्यांचं टायपिंगचं दुकान आहे. अर्ज, दाखले, शाळेच्या प्रश्नपत्रिका असं सगळं काम येतं, पण आमचं खरं नाव झालं ते लग्नपत्रिकांमुळे. आमच्याकडची पत्रिका म्हणजे नुसतं निमंत्रण नसतं. वधू-वरांची नावं दोन ओळींत संपतात आणि खाली भाऊबंदांची यादी सुरू होते. आजोबा, चुलते, चुलत चुलते, मामा, मेहुणे, गावातली मोठी माणसं. कोणाचं नाव वर, कोणाचं खाली, यावर घरात दोन-दोन दिवस बसून विचार होतो. एखादं नाव राहिलं तर तो माणूस लग्नाला येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही.

ही सगळी नावं माझ्या पोटात होती. एका घरात दुसरं लग्न निघालं की नूतनताई पहिल्या लग्नाची फाइल उघडायच्या, वधू-वर बदलायच्या, कोणी वारलं असेल तर ‘कै.’ लावायच्या आणि नवी पत्रिका तासाभरात तयार. पंचक्रोशीतले लोक म्हणायचे की नूतनच्या मशीनला आमचा वंश पाठ आहे. हे ऐकून मी फुगायचो. दसऱ्याला ताई मला हळदकुंकू वाहायच्या, वर झेंडूची फुलं ठेवायच्या, आपट्याचं पान ठेवायच्या. मला तर आपण देवच आहोत असं वाटू लागलं होतं.

मग मी थकलो. आधी चालू व्हायला दोन मिनिटं लागायची, ती पाच झाली, मग दहा. पत्रिकेत एक बॉर्डर घातली तरी पडद्यावरचं ते गोल चक्र फिरत राहायचं आणि गिऱ्हाईक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसायचं. दोन वर्षांपासून रोज सकाळी मी चालू होताना एक सूचना दाखवत होतो की डिस्क खराब होत चालली आहे, तपासून घ्या, नको असेल तर कुठलंही बटण दाबा. ताई रोज बटण दाबायच्या. पुढे पुढे तर त्या सूचनेकडे न बघताच दाबायच्या.

धुळ्याचे रुपचंदभाऊ दुरुस्तीला यायचे. ते दर खेपेला सांगायचे की डबा चांगला आहे, फक्त आतली फिरणारी डिस्क काढून नव्या पद्धतीची बसवू, मेमरी वाढवू, एका दिवसाचं काम आहे. ताईंचे यजमान नवलभाऊ म्हणायचे की डागडुजी कशाला, नवाच घे. ताईंना नवा नको होता. त्यांच्या साऱ्या पत्रिका जुन्या वळणाच्या मराठी अक्षरांत होत्या आणि त्या नव्या संगणकावर उघडल्या की नावांच्या जागी नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. आणि मला उघडून आत हात घालायचा, तर सगळं पुसलं जाईल अशी त्यांना धास्ती होती. म्हणून त्या म्हणायच्या, एवढा लग्नाचा सीझन जाऊ द्या. सीझन जायचा, दाखल्यांचा सीझन यायचा. असं दोन वर्षं चाललं.

आता माझी पहिली कबुली. हा निर्णय लांबला की मला आतून बरं वाटायचं. मला उघडलेलं नको होतं. आत काय झालंय हे कोणाला दिसू नये असं वाटायचं. “अजून चालतो की,” एवढं कोणी म्हटलं की माझा दिवस चांगला जायचा.

एप्रिलमध्ये शालिग्रामनाना बेडसे एकटेच दुकानात आले. मुलीचं, दीपमालाचं, लग्न ठरलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाची, नवीनची, पत्रिका आम्हीच केली होती. त्या पत्रिकेत नानांच्या थोरल्या भावाचं, हिलाल आबांचं, नाव नव्हतं, आणि ते मुद्दामच गाळलेलं होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होतं. त्या लग्नाला आबा आले नाहीत. यंदा मात्र दीपमाला स्वतः काकांच्या घरी जाऊन बसली आणि दोन्ही घरांत पुन्हा जाणंयेणं सुरू झालं. ताईंनी नवीनच्या फाइलवरून नवी फाइल केली आणि कच्ची प्रत काढून दिली. नानांनी ती चष्मा लावून वाचली. खालच्या यादीत त्यांनी स्वतःच्या हाताने आबांचं नाव लिहिलं, बाण काढून ते सगळ्यांच्या वर नेलं आणि शेजारी लिहिलं, ‘ज्येष्ठ बंधू’. खाली सही केली. ताईंनी तेवढा बदल माझ्यात केला, फाइल जपून ठेवली आणि कागद भिंतीवरच्या तारेत खोचला.

दोन दिवसांनी दुपारी नानांचा फोन आला की लग्नाची वेळ बदलली आहे. पेन ड्राइव्ह चारच्या बसने धुळ्याच्या छापखान्यात जायचा होता. साडेतीन वाजले होते. ताईंनी नवी फाइल उघडायला घेतली आणि मी अडकलो. चक्र फिरू लागलं. ताईंनी मला बंद करून पुन्हा चालू केलं, सूचना आली, त्यांनी बटण दाबलं, मी रडतखडत उभा राहिलो. पण ती नवी फाइल माझ्याकडून उघडेचना. डिस्कच्या ज्या कोपऱ्यात मी ती ठेवली होती, तो कोपराच खराब झाला होता.

चारला दहा कमी होते. त्या आठवड्यात ताईंच्या हातून वीस-पंचवीस पत्रिका गेल्या होत्या. त्यांनी नवीनची जुनी फाइल काढली, भराभर वधू-वर बदलले, तारीख, वेळ, ठिकाण बदललं. खालची यादी घरातलीच, तीच असणार असं त्यांना वाटलं. तारेत खोचलेला कागद हाताच्या अंतरावर होता. बस मात्र सुटायला आली होती. माझ्या पडद्यावर ती यादी होती आणि तिच्यात हिलाल आबा नव्हते. मला ते दिसत होतं, मित्रांनो. मला काही सांगता येत नव्हतं हे खरं, पण सांगायची वेळ माझ्यामुळेच आली होती.

पत्रिका छापून आल्या. नानांनी वधू-वरांची नावं आणि वेळ तेवढी बघितली, पहिली पत्रिका कुलदैवतापुढे ठेवली आणि दुसरी स्वतः थोरल्या भावाला देऊन आले.

बाजाराच्या दिवशी सकाळी दुकान उघडताच हिलाल आबा आले. पत्रिकेच्या तळाशी बारीक अक्षरांत दुकानाचं नाव असतं, ते वाचून आले होते. खुर्चीवर बसले, टोपी मांडीवर ठेवली, पत्रिका टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, “नूतन, मनं नाव तू काढं का शालिग्रामनी काढाले लावं?”

ताईंचा चेहरा उतरला. एक खोटं वाक्य पुरेसं होतं. दिलं तेच छापलं, एवढं म्हटलं असतं तर दुकानाचं नाव राहिलं असतं, ऐन सीझनमध्ये कोणी बोट दाखवलं नसतं. आणि दोन भाऊ पुन्हा कायमचे तुटले असते. ताई म्हणाल्या की थांबा आबा, फाइल बघते. त्यांनी मला चालू केलं.

मित्रांनो, त्या दिवशी मला चालू व्हायला अकरा मिनिटं लागली. माझ्यासमोर एक माणूस भावाने आपल्याला पुन्हा टाकलं की नाही हे कळायची वाट बघत होता आणि मी चक्र फिरवत होतो. मध्येच ती सूचना आली आणि ताईंनी सवयीने बटण दाबलं. आबांनी विचारलं की हे काय सांगत होतं. ताईंनी सांगितलं की आत बिघाड आहे असं सांगतं. रोज सांगतं का, असं आबांनी विचारलं, तेव्हा ताई नुसत्या हो म्हणाल्या. मला त्या वेळी जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मी पूर्ण चालू व्हायच्या आत ताई उठल्या. तारेतून कागद काढला आणि आबांच्या हातात दिला. ताई दुकानात सहसा पुस्तकी मराठी बोलतात, पण तेव्हा घरची बोली तोंडात आली. “आबा, नानानी तुमनं नाव बठ्ठास्ना वर लिखं व्हतं. चूक मनी शे.”

माझं नावही त्यांनी घेतलं नाही. मशीनने घोटाळा केला, असं सगळेच म्हणतात, त्यांनी म्हटलं नाही. त्यामुळे मला जास्तच लाज वाटली.

आबांनी भावाचं अक्षर ओळखलं. बाणावरून बोट फिरवलं, ‘ज्येष्ठ बंधू’ दोनदा वाचलं. ताई म्हणाल्या की सगळ्या पत्रिका मी पुन्हा छापून देते आणि नानांकडे आजच जाऊन खरं काय ते सांगते. आबांनी मान हलवली. नानाला सांग, पण पत्रिका पुन्हा छापू नको, असं म्हणाले. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि उभे राहिले.

“बठ्ठा पत्रिका मी वाटसू. नाव नही ते नही, मी सोता दारमा उभा राहसू.”

आणि त्यांनी तसंच केलं. ज्या पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, ती घेऊन हिलाल आबा आठ दिवस भाऊबंदांच्या दारोदार हिंडले. नानांनीच एकदा दुकानात येऊन हे सांगितलं. ताईंवर ते रागावले, आणि ताईंनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. दोन घरांनी त्या सीझनला दुसरीकडे पत्रिका केल्या, हेही खरं.

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ताईंनी रुपचंदभाऊंना बोलावलं. नवलभाऊ नव्या मशीनचंच म्हणत होते. ताईंनी एवढंच विचारलं की जुनी अक्षरं आणि फाइली राहतील का. जेवढं शाबूत आहे तेवढं सगळं नव्या डिस्कवर जसंच्या तसं येईल, एक प्रत बाहेरही ठेवू, असं रुपचंदभाऊ म्हणाले. मग तेरा वर्षांत पहिल्यांदा मला पूर्ण उघडलं. आतून धूळ निघाली, आणि धुळीत दसऱ्याच्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या निघाल्या, कुंकू चिकटलेला पंखा निघाला. ताई बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, “पूजा करत राहिले, ऐकलं मात्र नाही.”

आता मी अर्ध्या मिनिटात चालू होतो. लोक कौतुक करतात, पण मला पूर्वीसारखं फुगता येत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी जुनं असेल तर त्याला टाकायच्या आधी उघडून बघा, आणि ते काही सांगत असेल तर बटण दाबून गप्प करू नका. आम्ही घाबरट असतो, उघडून घ्यायला नको म्हणतो, पण आमच्या हट्टापायी दुसऱ्याचं काहीतरी जातं.

ताईंनी दीपमालाची पत्रिका माझ्या पडद्याच्या कडेला चिकटवून ठेवली आहे. तिच्यात हिलाल आबांचं नाव आजही नाही. चालू झालो की मी सगळ्यात आधी तेच, तिथे नसलेलं नाव वाचतो.